वारं नसलेल्या गावचा दगड

पहिल्या पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावीच्या, पोरांना पावसाळ्यात दोन गोष्टी हमखास होतात: सर्दी आणि प्रोजेक्टाइल मोशन, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या वाटेचं गणित. सर्दीवर काढा तरी आहे.

दहावीपर्यंत मराठीत शिकलेली माझी भाची आता सगळं इंग्रजीत वाचते आणि अडलं की बेळगावातल्याच वडगावहून अनगोळला येऊन थडकते. मामा बीएस्सी आहे ही बातमी तिच्या आईनंच फोडलेली.

गणित असं: 14.7 मीटर उंच गच्चीवरून 30 अंशांच्या कोनात, सेकंदाला 19.6 मीटर वेगानं दगड वर भिरकावला. जमिनीवर पडायला किती वेळ? हवेचा विरोध धरू नये.

"वारं न्हाई? कुठलं गाव म्हणायचं हे?" आप्पा खाटेवरून म्हणाले. रास्त आहे. आषाढात इथल्या राजहंसगड किल्ल्यावर छत्री उघडून दाखवा, मग बोलू.

मी सुरुवात केली. आडवा वेग आणि उभा वेग म्हणजे एका घरात चुली वेगळ्या केलेल्या जावा. बोलणं बंद, पण लाईटचं मीटर एकच. ते मीटर म्हणजे वेळ. गुरुत्वाकर्षण फक्त उभ्या जावेच्या मागं लागतं. आडवी सेकंदाला 17 मीटरनं निवांत चाललेली असते, अगदी टोकावरसुद्धा. भाचीला हे एकदम पटलं. आमच्याच घरातलं उदाहरण होतं ना.

उभा वेग 9.8 निघाला. मग आलं चिन्ह. वरची दिशा अधिक धरली तर खाली गेलेलं अंतर वजा, हे चारदा सांगूनही तिनं 14.7 अधिकच लिहिलं. वर्गमुळात वजा आठ!

"मामा, दगड पडतच नाही की हो."

चिन्ह बदललं. उत्तरं दोन आली: 3 सेकंद आणि वजा 1 सेकंद.

"म्हणजे टाकायच्या आधीच पडलावता?"

तसं नव्हे. तीच अन्वस्ताची, म्हणजे पॅराबोलाची, वाट मागं वाढवली, तर फेकण्याआधी एक सेकंद दगड जमिनीच्या पातळीला असता. गणिताला गच्ची कुठं ठाऊक? ह्यांचं आता वय झालं, असं तिच्या तोंडावर स्पष्ट उमटलं. गॅलिलिओ ह्या वाटेचं 1638 साली छापून मोकळा झाला, निस्तरतोय मी.

शेवटी 3 सेकंदांभोवती चौकोन काढला. गच्चीपासून 51 मीटरवर दगड पडला, असं तिनं मोठ्यांदा वाचलं.

आप्पा उठून बसले. "कुणाला लागला काय बघा आधी."