पॉशचं तिकीट आधी दाखवा

आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एका काकांनी परत तोच मेसेज टाकला. म्हणे इंग्रजांच्या काळात साहेब लोक विलायतेहून मुंबईला येताना बोटीत डावीकडची केबिन घ्यायचे आणि परत जाताना उजवीकडची, कारण त्या बाजूला ऊन कमी, आणि पी अँड ओ ही बोटींची कंपनी अशा महागड्या तिकिटांवर "पोर्ट आऊट, स्टारबोर्ड होम" (जाताना डावीकडे, घरी परतताना उजवीकडे) याची आद्याक्षरं छापायची, पी ओ एस एच, झाला शब्द पॉश. गोष्ट झकास आहे, आपण खोपटहून एसटीत बसताना सावलीची खिडकी बघतोच की, म्हणून लगेच पटते.

पण काका, ते तिकीट कुठाय? इतकी वर्षं इतकी माणसं ये-जा करत होती, त्यांची पत्रं, डायऱ्या, सामानाची लेबलं सगळं जपून ठेवलंय लोकांनी, आणि असा शिक्का मारलेलं एक तिकीट सापडलेलं नाही, कंपनीच्या कागदपत्रांतही नाही.

दुसरं, तारखा. सुएझ कालवा सुरू झाला १८६९ ला, म्हणजे गर्दी वाढली ती तेव्हापासून. पॉश हा शब्द ऐटबाज या अर्थाने छापलेला मिळतो तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास, १९१८ च्या पंच या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातल्या व्यंगचित्रात तर वायुदलातला एक पोरगा आईला सांगतोय की आमची तिथे पॉश मजा झाली. बोटीचा विषयच नाही! आणि ही केबिनची गोष्ट छापून यायला लागली १९३५ च्या सुमाराला.

आता उन्हाचं, कारण मला खरा इंटरेस्ट त्यात आहे. अरबी समुद्रात बोट मुंबईकडे निघाली की डावी बाजू उत्तरेला येते, बरोबर, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला म्हणून डावीकडे सावली, तेही बरोबर. पण आपल्याकडे मेच्या मध्यात शून्य सावलीचा दिवस येतो ना, भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे तेव्हा ऊन त्या महागड्या डाव्या केबिनीतच, आणि पावसाळी वारा नैऋत्येचा, तो मिळणार उजवीकडच्या स्वस्त केबिनवाल्याला. वा रे साहेब.

मग शब्द आला कुठून? शब्दकोशवाले सांगतात की नक्की ठरलेलं नाही. ऐटबाज या अर्थाच्या आधी इंग्लंडच्या बोलीत पॉश म्हणजे चिल्लर पैसे असायचे, पुढे छानछोकी करणारा माणूस. चिल्लरवाला अर्थ युरोपातल्या भटक्या रोमानी लोकांच्या "पाश" म्हणजे अर्धा या शब्दावरून आला असं म्हणतात, आणि रोमानी भाषा मुळात आपल्याकडचीच, तो पाश संस्कृत पार्श्व वरून, ज्याच्यावरून आपलं "माझ्यापाशी" आलंय. (आता कृपा करून "पॉश हा मराठी शब्द आहे" असा नवा फॉरवर्ड काढू नका, त्या चिल्लरचा आणि आजच्या ऐटीचा संबंध अजून कोणी पक्का जोडलेला नाही.)

आणि हो, ऑफिसात लैंगिक छळ रोखण्याच्या २०१३ च्या कायद्याचं जे पॉश (प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट) ट्रेनिंग असतं, ते मात्र खरंच आद्याक्षरांचं आहे. त्याचा मेसेज मात्र कोणी पाठवत नाही.