खांद्यावरील ताऱ्याबाबतच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

एप्रिल १९४८ मधील नौशेरा-राजौरी मोहिमेवरील आपल्या नाटकासाठी आपण आमच्याकडून गणवेश नेले होते. स्वतंत्र भारताच्या मेजरच्या खांद्यावर ब्रिटिश राजमुकुट होता, सेकंड लेफ्टनंट राणे यांचे दोन खांद्यांवरील तारे वेगवेगळे होते आणि त्यांच्या छातीवर परमवीर चक्राची फीत नव्हती, अशा तीन तक्रारी आपण मांडल्या आहेत.

दुसरी तक्रार खरी आहे आणि तो दोष सर्वस्वी आमचा आहे. मात्र आपण जोडलेल्या छायाचित्रात डाव्या खांद्यावरचा जो पंचकोनी तारा आपण योग्य मानला, तोच चुकीचा आहे. उजवीकडचा, चौकोनी घडणीचा, मध्यभागी क्रूस आणि तीन इवलेसे मुकुट असलेला तारा 'ऑर्डर ऑफ द बाथ' या ब्रिटिश सन्मानाच्या नमुन्याचा असून, त्या काळी आपले अधिकारी तोच लावत. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही भारत काही काळ राजाच्या नावाने चालणारे अधिराज्य होता. २६ जानेवारी १९५० रोजी प्रजासत्ताक आले, तेव्हा मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष आणि बाथच्या ताऱ्याच्या जागी पंचकोनी तारा आला. चिन्हांची मांडणी मात्र बदलली नाही: मेजरला पूर्वी एक मुकुट होता, आता एक सिंहशीर्ष आहे, लेफ्टनंट कर्नलला त्याच्या जोडीला एक तारा तेव्हाही होता, आजही आहे. म्हणूनच १९४८ च्या मेजरला सिंहशीर्ष लावणे आम्हाला मान्य नाही, मग ते प्रेक्षकांना कितीही आपलेसे वाटो.

फितीचेही तसेच आहे. परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू केले गेले. सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणाऱ्या राणे यांच्या छातीवर त्या दिवसांत ती फीत असणे शक्यच नव्हते.

आमच्या पेटीत दोन काळांचे तारे एकत्र ठेवले गेले होते. ते आता वेगळे केले आहेत. त्या गणवेशाचे भाडे आम्ही परत करत आहोत आणि पुढील प्रयोगाआधी बाथच्या नमुन्याचा दुसरा तारा विनामूल्य पाठवू. नाटकात १९५० नंतरचा प्रवेश असल्यास कृपया कळवावे, त्यासाठी सिंहशीर्षे आणि पंचकोनी तारे स्वतंत्र पाकिटात देऊ.