तिसरा भाग, बाविसावे मिनिट

हिंसक मालिकांच्या सुरुवातीला ‘यातील काही दृश्ये विचलित करू शकतात’ अशी जी पाटी येते, तिची टिंगल करणारा एक मजकूर गेले काही आठवडे सगळीकडे फिरतो आहे. ‘रडक्या पिढीचे नवे लाड’ असा त्याचा मथळा असून त्यात सहा मुद्दे आहेत. मी तो दोनदा वाचून सोडून दिला होता. तिसऱ्यांदा तो आमच्या मामांनी नातेवाइकांच्या गटावर टाकला आणि त्याखाली माझ्या मावशीने ‘अगदी बरोबर’ असे लिहिले, तेव्हा मात्र उत्तर देणे भाग पडले, कारण याच मावशीसाठी मी गेले वर्षभर चिठ्ठ्या लिहिते आहे.

चार वर्षांपूर्वी मावशीच्या घरात चोर शिरले आणि तिला खुर्चीला बांधून, तोंडात बोळा कोंबून निघून गेले. गुन्हेगारी मालिकांची तिची आवड त्याआधीपासूनची आहे आणि आजही ती तशीच आहे. खून, कट, खटले, तिला सगळे चालते. चालत नाही ते फक्त बांधलेले माणूस. त्यातही दिसण्यापेक्षा ऐकू येणे अधिक वाईट, असे ती सांगते. म्हणून नवी मालिका मी आधी पाहते आणि कागदावर लिहून देते : ‘भाग तिसरा, २२ ते २६.’ ती रिमोट मांडीवर घेऊन बसते, वेळ जवळ आली की आधी आवाज बंद करते, मग उठून पाणी पिऊन येते, आणि परत बसल्यावर खुनी कोण ते माझ्याआधी ओळखते. अशा बाईला स्वतःला ‘रडकी’ म्हणवून घ्यावेसे वाटावे, हे त्या मजकुराचे कर्तृत्व.

पहिला मुद्दा असा की पूर्वी असले चोचले नव्हते. पूर्वी असली दृश्येच नव्हती! युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून, म्हणजे अंकांच्या मधल्या छोट्या निवेदनाच्या प्रवेशातून, सूचित कराव्यात, असे भरताचे नाट्यशास्त्र सांगते. ग्रीक शोकांतिकांतही खून बहुधा रंगमंचाबाहेर होई आणि त्याची वार्ता घेऊन दूत येई. लाडच म्हणायचे, तर पूर्वजांचे आपल्याहून मोठे होते. शिवाय १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेचा एक भाग लागला असताना लाल-निळ्या प्रकाशाच्या वेगवान उघडझापीने ६८५ प्रेक्षकांना, त्यातही बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावे लागले होते. तशा प्रकाशाबद्दल आज पडद्यावर सूचना येते आणि तिला कोणी लाड म्हणत नाही, कारण झटका आलेला माणूस सगळ्यांना दिसतो.

दुसरा मुद्दा संशोधनाचा, आणि नाइलाजाने कबूल करते की त्यात तथ्य आहे. ब्रिजलँड, जोन्स आणि बेलेट या संशोधकांनी तोवरच्या १२ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. पूर्वसूचना वाचल्याने नंतरच्या दृश्याचा त्रास कमी होत नाही, उलट सूचना आणि दृश्य यांच्या मधल्या काळात धास्ती थोडी वाढते, असे त्यात दिसले. सूचनेकडे मनाचे औषध म्हणून पाहणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे आहे. पण त्या अभ्यासांतला प्रश्न, सूचना मिळालेल्यांनी आणि न मिळालेल्यांनी तीच गोष्ट पाहिली तर कोणाला कमी लागते, असा आहे. मावशी ती गोष्ट पाहतच नाही. टाळणाऱ्याला सूचनेचा उपयोग होतो का, हे पाहणाऱ्यांच्या त्रासावरून कसे ठरणार? सूचना वाचून लोक पाहणे फारसे टाळत नाहीत, हेही त्याच विश्लेषणात आहे, आणि ते मला मान्य आहे. मात्र मग त्या मजकुरातला पाचवा मुद्दा, म्हणजे सूचनांमुळे प्रेक्षक घाबरून मालिकाच सोडतात हा, ज्या संशोधनाचा दाखला दिला आहे त्यानेच खोडून निघतो. लिहिणाऱ्याने ते वाचले असते, तर मुद्दे सहाचे पाच झाले असते.

खरा संताप येतो तो तिसऱ्या मुद्द्याचा. ‘भीतीला सामोरे गेले की भीती जाते, सूचना देऊन तुम्ही या लोकांना आजारी ठेवता.’ हे वाचूनच मावशीने ‘अगदी बरोबर’ म्हटले असणार, कारण चार वर्षांत आपण अजून बऱ्या कशा झालो नाही, याची तिला आधीच लाज वाटते. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेल्या, आघातानंतरच्या मानसिक त्रासावरच्या ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ या उपचारात रुग्ण टाळलेल्या आठवणीला खरोखरच सामोरा जातो आणि त्याचा गुणही येतो, हे खरे आहे. पण तो कसा सामोरा जातो, ते पाहावे. साधारण ८ ते १५ बैठका असतात आणि समोर प्रशिक्षित माणूस असतो. कशाची किती भीती वाटते याची चढती यादी रुग्णासोबत बसून केली जाते, सुरुवात खालच्या पायरीवरून होते आणि जे घडले त्यावर नंतर बोलणे होते. आज काय करायचे आहे, ते का करायचे आहे आणि त्याने किती त्रास होऊ शकतो, हे रुग्णाला आधी सांगितलेले असते. म्हणजे ज्या उपचाराच्या नावाने सूचना काढून टाका म्हणता, त्याची पहिली पायरीच पूर्वसूचना आहे.

मालिकेतले दृश्य तर प्रेक्षक बेसावध असताना त्याला गाठावे, अशाच बेताने कापलेले असते. त्याला उपचार म्हणणे म्हणजे विहिरीत ढकलून देण्याला पोहण्याची शिकवणी म्हणणे होय. आणि ढकलल्यामुळे पोहायला आल्याच्या गोष्टी जे वर आले तेच सांगतात. मी मामांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, “अगं, तिच्याबद्दल नव्हतंच ते.” ते खरेच आहे, असा मजकूर पुढे ढकलताना कोणाच्याच डोळ्यांसमोर कोणी नसते.

चौथा मुद्दा, आज सूचना म्हणजे उद्या कात्री. ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ या मालिकेत २०१७ पासून सूचना वाढत गेल्या आणि २०१९ मध्ये पहिल्या पर्वातले आत्महत्येचे दृश्य काढून टाकण्यात आले, हे उदाहरण तिथे दिले आहे आणि ते घडलेले आहे. पण ते दृश्य गेले ते वैद्यकीय तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून, आत्महत्येच्या तपशीलवार चित्रणाला असलेल्या आक्षेपामुळे. आधी पाटी लावली होती म्हणून नव्हे. पाटीने एकही चौकट कापली जात नाही. सूचनेमुळे रहस्य फुटते, या पाचव्याच मुद्द्यातल्या दुसऱ्या तक्रारीवर फार लिहीत नाही. ‘बांधून ठेवल्याचे दृश्य’ या तीन शब्दांतून कोणाला कोणी बांधले ते कळत असेल, तर ते रहस्यच कच्चे होते.

सहावा : ‘सोसत नसेल तर बंद करा.’ कधी? दृश्य काय आहे हे कळेपर्यंत ते अर्धे पाहून झालेले असते. बंद करण्यासाठीच आधी कळावे लागते, एवढीच मागणी आहे.

आजच्या पाट्या मात्र कामाच्या नाहीत, हे मी त्या मजकुराच्या लेखकाला न मागता देऊन टाकते. अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीवर १९९७ पासून हिंसेसाठी ‘व्ही’ हे अक्षर येते. भारतात २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ऑनलाइन मालिकांना वयोगटाबरोबर आशयाचे वर्णनही सुरुवातीला दाखवायला सांगितले. प्रत्यक्षात दिसते काय, तर कोपऱ्यात काही क्षण ‘हिंसा, भाषा’. खुनाच्या मालिकेत हिंसा आहे हे मावशीला माहीतच असते, त्यासाठीच तर ती ती लावते. तिला हवे असते ते कोणत्या प्रकारची, कोणत्या भागात आणि कितव्या मिनिटाला. तेवढे लिहायला मला कागदाचा एक कोपरा पुरतो. निर्मात्यांनी ते लिहिले, तर मला प्रत्येक मालिका दोनदा पाहावी लागणार नाही.