अंधारातल्या फुलबाज्या
डोळ्याच्या पडद्यावर चिप बसवली की अंधांना दिसायला लागतं असं एका लेखात लिहिलंय पण इतकं सोपं नाहीये हो ते. आमच्या मामांना आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आनुवंशिक आजार) आहे, आता जवळपास काहीच दिसत नाही तरी अंधारात बसले की म्हणतात, अरे फुलबाज्या उडतायत बघ! प्रकाश टिपणाऱ्या पेशी मेल्या तरी पुढच्या, मेंदूकडे सिग्नल नेणाऱ्या गँग्लियन पेशी गप्प बसत नाहीत ना, असाच आजार असलेल्या आरडी१ जातीच्या उंदरांत तर त्या सेकंदाला साधारण १० वेळा आपल्याआपण विजेचे ठोके देतात, मग त्या कलकलाटात चिपचा सिग्नल मेंदूनं ओळखायचा कसा? त्यात आर्गस-२ नावाच्या अशा चिपला पेशींना विजेचा सिग्नल देणारे इलेक्ट्रोड फक्त ६०, अमेरिकेत २०१३ ला मंजुरी मिळाली आणि २०१९ ला कंपनीनं बनवणंच थांबवलं, ज्यांच्या डोळ्यात बसवलं ते बसले वाऱ्यावर. मामांना अजून हे सांगितलं नाहीये.