पुढच्या साथीआधी मत तयार ठेवा

येत्या साथीत (कुठली का असेना, नाव ठेवणारे ठेवतीलच) तुम्हाला सगळ्यात आधी काय लागणार असेल तर ते मत. मास्क मिळतो, सॅनिटायझर मिळतं, अगदीच अडलं तर ओळखीने बेडसुद्धा मिळतो, पण सरकारची तयारी होती की नव्हती यावर ऐन वेळी मत नसलं की फॅमिली ग्रुपवर तुमची किंमत शून्य. माझी मागच्या वेळी, कोरोनात, अशीच फजिती झाली. मार्च २०२० मध्ये मी चक्क लिहिलं होतं, "बघू, अजून नीट कळत नाहीये." आमचे एक काका त्यानंतर दोन महिने माझ्या गुड मॉर्निंगला उत्तर देत नव्हते. तेव्हापासून मी अभ्यास केलाय आणि जे हाती लागलं ते तुम्हाला फुकट देतोय, घ्या.

पहिलं म्हणजे सरकार म्हणजे कोण ते ठरवून टाका. सोपं वाटतं पण नाहीये, कारण आपल्याकडे एका वेळी तीन सरकारं चालू असतात, एक दिल्लीला, एक मुंबईला आणि एक महापालिकेत. २०२० ला तर केंद्रात भाजप आणि राज्यात महाविकास आघाडी अशी आपली अगदी पंचतारांकित सोय झाली होती. त्यात राज्यघटना पण मदतीला. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय, आणि साथ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणं हा समवर्ती सूचीत, म्हणजे दोघांचा. आता यात काय बसत नाही सांगा? धारावी आटोक्यात आली ती तुमच्यावाल्यांमुळे, लस कमी पडली ती त्यांच्यावाल्यांमुळे. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वाल्यांची लस राज्यांनी विकत घ्यायची असं ठरलं आणि ७ जूनला केंद्राने ते परत स्वतःकडे घेतलं, त्या पाच-सहा आठवड्यांत तर रोज सकाळी चहाबरोबर बदलता येईल इतकं मटेरियल होतं. ज्यांनी तेव्हा वापरलं नाही त्यांचं नशीब फुटकं.

दुसरं, टायमिंग. साथ यायच्या आधी कुणी तयारीचं बोललं की म्हणायचं, उगाच घाबरवतायत, औषध कंपन्यांचा डाव आहे. साथ आल्यावर म्हणायचं, इतके दिवस झोपले होते का? ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून निघायला काहीही हरकत नाही, मधे चार महिन्यांचं अंतर ठेवा म्हणजे झालं. उदाहरणच घ्या. ३० जानेवारी २०२० ला केरळात देशातला पहिला पेशंट सापडला आणि त्याच दिवशी डब्ल्यूएचओने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. मी त्या आठवड्यात एका लग्नात होतो, साडेचारशे माणसं, मठ्ठा छान होता. १३ मार्चला केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं की ही हेल्थ इमर्जन्सी नाही, घाबरू नका. २४ मार्चला रात्री ८ वाजता सांगितलं की १२ वाजल्यापासून देश बंद. अकरा दिवस मधे. हे अकरा दिवस पाठ करून ठेवा, विरोधी मतासाठी उत्तम आहेत, आणि समर्थनाचं मत हवं असेल तर फक्त २४ तारीख धरायची आणि म्हणायचं, बघा किती झटपट निर्णय.

मधे २२ मार्च येते, ती विसरू नका. संध्याकाळी ५ वाजता आम्ही सगळे बाल्कनीत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी स्टीलचं ताट उलथन्याने इतकं बडवलं की ताटाला पोचा पडला, तो पोचा अजून आहे, आलेल्या पाहुण्यांना त्या दाखवतात. राष्ट्रीय पातळीवरच्या तयारीत आमच्या बिल्डिंगचं योगदान म्हणजे तो पोचा.

आकडे पण हाताशी असू द्या, पण जपून. माझा आवडता आकडा म्हणजे ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेला ग्लोबल हेल्थ सिक्युरिटी इंडेक्स. साथीसाठी कुठला देश किती तयार याचा तो तक्ता, त्यात अमेरिका पहिली, ब्रिटन दुसरं आणि आपण ५७ वे. पुढे सहा महिन्यांत पहिल्या आणि दुसऱ्या नंबराचं काय झालं ते जगाने बघितलं. म्हणजे बघा, सरकारच्या बाजूचे असाल तर "पहिल्या नंबरवाले तरी कुठे वाचले?" आणि विरोधातले असाल तर "आपण ५७ वे!" एकच तक्ता, दोन्ही पार्ट्यांना पुरून उरतो. मृत्यूच्या आकड्याचं तसंच. २०२१ संपेपर्यंतचा सरकारी आकडा पावणेपाच-पाच लाखांच्या मधे, डब्ल्यूएचओचा अंदाज २०२०-२१ मिळून नेहमीपेक्षा ४७ लाख जादा मृत्यू, सरकारला ती पद्धतच मान्य नाही. मधे जवळजवळ दहा पट अंतर आहे, त्यात कुठेही पथारी टाका, जागा भरपूर आहे.

पुण्याचे असाल तर इतिहास काढावाच लागतो, त्याशिवाय पुण्यात मत धरत नाहीत. १८९७ चा प्लेग, रँड, गोऱ्या सोल्जरांनी घरात शिरून केलेल्या झडत्या, चापेकर, एवढं तर आपल्याला झोपेत पण येतं. त्याच वर्षी इंग्रजांनी साथरोगाचा एक जेमतेम दोन पानांचा कायदा केला, ज्यात सरकारने काय काय करू शकावं ते आहे, न ऐकणाऱ्याला शिक्षा आहे, अधिकाऱ्यांना संरक्षण आहे, फक्त सरकारने लोकांना काय पुरवलंच पाहिजे ते नाही. सव्वाशे वर्षं होत आली आणि मार्च २०२० ला आपण कपाटातून बाहेर काढला तो हाच कायदा. याला म्हणतात दूरदृष्टी! इंग्रजांची. सावित्रीबाई फुले त्याच वर्षी १० मार्चला गेल्या, प्लेगच्या पेशंटची सेवा करता करता स्वतःला प्लेग झाला, पण वादात त्यांचं उदाहरण सहसा देऊ नका, मग समोरचा विचारतो की तुम्ही काय केलंत.

मग २००९ चा स्वाइन फ्लू. ऑगस्ट महिना, देशातला पहिला मृत्यू पुण्यात, नायडू हॉस्पिटलच्या बाहेर तपासणीला ही रांग, मास्क ब्लॅकने, आणि अख्खं शहर हातरुमालात कापूर-वेलची बांधून हुंगत फिरत होतं. तेव्हा आम्ही ठामपणे म्हणालो होतो की यातून शिकलं पाहिजे. आणि शिकलो! २०२० ला माझ्याकडे कापूर आधीच भरलेला होता.

आता खरी मेख सांगतो, इथे भलेभले चुकतात. तयारी दिसते कशी हे ओळखायला शिका. रिकामा बेड म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी. भरलेला बेड म्हणजे सरकारचं अपयश. तिसरा प्रकार नसतो. पुण्यातलं जंबो हॉस्पिटल (कोरोनासाठी तात्पुरतं उभारलेलं) जानेवारी २०२१ मध्ये रिकामं पडलं तेव्हा आम्ही कट्ट्यावर बसून म्हणालो की भाडं कशाला भरतायत, कोणीतरी खातंय यात. मार्चमध्ये ते परत उघडायची वेळ आली तेव्हा आम्ही त्याच कट्ट्यावरून (आता मास्क लावून) म्हणालो की बंदच का केलं होतं. दोन्ही वेळा चहा माझ्याकडून होता त्यामुळे नीट लक्षात आहे.

हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे ते पीएसए प्लांट असतात ना, त्यांचं टेंडर केंद्राने ऑक्टोबर २०२० मध्ये काढलं होतं. १८ एप्रिल २०२१ ला, म्हणजे लोक सिलेंडर खांद्यावर मारून गावभर फिरत होते तेव्हा, खात्याने स्वतःच सांगितलं की १६२ मंजूर आहेत, ३३ बसले. ते पण अभिमानाने, यादीसकट. आणि तिकडे नंदुरबारला, जिथे बदली झाली की लोक सांत्वनाला येतात असं आपण इकडे बसून म्हणतो, तिथे कलेक्टर राजेंद्र भारूड यांनी पहिली लाट ओसरत असतानाच प्लांट बसवायला सुरुवात केली होती आणि दुसऱ्या लाटेत जिल्ह्याला ऑक्सिजन पुरून उरला. हे उदाहरण सगळ्यात अडचणीचं. याचं श्रेय घ्यायला दोन्ही बाजू धावतात, आणि पेशंट कमी होत असताना एखाद्या कलेक्टरने आपल्या तालुक्यात असा खर्च काढला असता तर आपण काय म्हणालो असतो हा प्रश्न कुणी विचारत नाही. तुम्ही पण विचारू नका. पुढे २० जुलै २०२१ ला राज्यसभेत उत्तर आलं की ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी वेगळं असं कळवलेलं नाही. दिल्ली म्हणते राज्यांनी कळवलं नाही, आणि कळवायला तो रकाना होता का, असं राज्यंही म्हणायला मोकळी. झालं ना मग. सुंदर.

माझ्या फोनमध्ये अजून नंबर सेव्ह आहेत. "ऑक्सिजन हडपसर", "रेमडेसिविर नगरवाला मित्र", "प्लाझ्मा बी पॉझिटिव्ह २", "बेड चौकशी रात्री". परवा मुलाने विचारलं बाबा हे प्लाझ्मा आडनाव आहे का. डिलीट करायला घेतले होते, राहून गेलं. असो.

काय काय विचारू नये त्याची पण एक यादी होते, थोडक्यात सांगतो. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, हे साथ नसताना विचारू नका, लोक म्हणतील याला काही काम नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरचा खर्च जीडीपीच्या २.५ टक्के करू. २०२५ आलं कधी, गेलं कधी, तुमच्यापैकी कोणी कॅलेंडरवर गोल केला होता का? महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याची भरती २०२१ मध्ये निघाली, २५-२६ सप्टेंबरचे पेपर आदल्या रात्री पुढे ढकलले, पोरं एसटीत बसून परीक्षेच्या गावाला निघाली होती, पुढे पेपर झाले तर फुटले. एवढ्या मोठ्या साथीनंतर माणसं भरायला घेतली आणि असं. यावर दोन दिवस मीम आले, मग क्रिकेट सुरू झालं. घरोघर ऑक्सिमीटर घेऊन फिरलेल्या आशाताई जून २०२१ मध्ये मानधनासाठी संपावर गेल्या तेव्हा तर आपण ताटं कपाटात ठेवून पण दिली होती, पुन्हा काढायची म्हणजे घासायला लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये नीती आयोगाचा अहवाल आलाय, पुढची साथ आली तर पहिल्या १०० दिवसांत काय करायचं असा. तो वाचू नका. मी वाचायला घेतला होता, नुकसान असं होतं की काही बरोबर आहे, काही नुसतंच कागदावर आहे असं वाटायला लागतं आणि मग मत पातळ होतं. पातळ मत ग्रुपवर टिकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्हीच्या बातम्या आल्या तेव्हा मी म्हणणार होतो की हा विषाणू जुनाच आहे, घाबरण्यासारखं दिसत नाही पण खात्याने लक्ष ठेवावं. तेवढ्यात काकांनी लॉकडाऊनची तारीखच टाकली. कसं टिकणार मी.

आता शेवटचं, आमच्या सोसायटीचं. मे २०२१ मध्ये आम्ही ४२ फ्लॅटनी प्रत्येकी दीड हजार काढून ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घ्यायचं ठरवलं. सरकारवर अवलंबून राहायचं नाही असा ठराव होता, एकमताने. मशीन आलं जूनच्या मध्यात, तोवर लाट ओसरलेली, त्यामुळे हार घालून फोटो काढला आणि मीटर रूममध्ये ठेवलं. दोनदा वापरलं, एकदा तळमजल्यावरच्या आजोबांसाठी आणि एकदा चालू आहे का बघायला. आता त्याच्यावर थर्माकोलचं मखर आहे, मखरावर कॅरम बोर्ड, आणि बाजूला न चालणारी सायकल, जी कुणाचीच नाही.

यंदाच्या जनरल बॉडीत विषय सातवा होता, पार्किंगनंतर. सेक्रेटरी म्हणाले, सर्व्हिसिंगवाला चार हजार सांगतोय, फिल्टर बदलावा लागेल. एक जण म्हणाला, विकून टाका. दुसरा म्हणाला, विकायचं होतं तर घेतलं कशाला. तिसरा म्हणाला, मी तेव्हा भाडेकरू होतो, माझा काय संबंध. खजिनदारांनी विचारलं की चार हजार कुठल्या हेडखाली टाकू, कारण साथ तर कुठे आलेली नाहीये. त्यावर पाच मिनिटं शांतता, मग मी उठलो, घसा साफ केला, आणि सरकारची आरोग्यविषयक अनास्था यावर बोललो. ५७ वा नंबर सांगितला, अकरा दिवस सांगितले, १६२ पैकी ३३ सांगितलं. टाळ्या पडल्या. सर्व्हिसिंगचा विषय पुढच्या वर्षीवर टाकला आणि सामोसे आले.

गणपतीत मखर काढायला गेलो तेव्हा ते मशीन मीच बाजूला सरकवलं. चाकं मस्त फिरतात अजून.