आठशे घागरींचे कारंजे

आमच्या सोलापुरात, शहराच्या ऐन मध्यभागी, एका कचेरीची पाच मजली काचेची इमारत आहे. कचेरीचे नाव मी सांगणार नाही, कारण माझी फाईल अजून तिथेच आहे. इमारतीच्या पुढ्यात गुळगुळीत फरशी घातलेली मोकळी जागा आहे आणि तिच्या मधोमध कारंजे आहे. या मोकळ्या जागेला 'प्रांगण' म्हणावे असे फाटकाजवळच्या फलकावरून कळते. 'हे प्रांगण सर्व नागरिकांसाठी खुले आहे' हे वाक्य त्यावर हातभर अक्षरांत लिहिलेले असून, त्याच्या खाली, अक्षर लहान लहान करत नेऊन, नागरिकांनी तिथे काय काय करू नये ते सांगितले आहे. कट्ट्यावर बसू नये, पाण्यात हात घालू नये, डबा खाऊ नये, झोपू नये, थुंकू नये, विनाकारण रेंगाळू नये. एवढे सगळे वजा केल्यावर नागरिकाच्या वाट्याला उभे राहणे तेवढे उरते, आणि तेही सकारण.

माझ्याकडे कारण होते. निवृत्तीनंतर मिळायच्या एका किरकोळ रकमेसाठी मला एका कागदावर एका साहेबांची एक सही हवी होती. साहेब कधी मीटिंगला गेलेले असत, कधी जेवायला, आणि एकदा तर ते जागेवर असूनही 'आत्ता नाहीत' असे मला त्यांच्या देखत सांगण्यात आले. खिडकीतल्या बाई प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे म्हणत, "बाहेर बसा, बोलावते." आतल्या गारव्यात बसायला चार खुर्च्या होत्या, परंतु त्यांवर बसलेली माणसे इतकी रुळलेली दिसत की, इमारत बांधण्यापूर्वीपासून ती तिथे बसलेली असावीत आणि भिंती नंतर त्यांच्याभोवती उभारल्या असाव्यात, असे वाटे. त्यामुळे 'बाहेर' याचा अर्थ कारंजे असाच होता.

पहिल्या खेपेला ते बंद होते. बंद कारंज्याइतके ओशाळवाणे दृश्य दुसरे नसेल. निळ्या फरशीचे कोरडे कुंड, तळाला वाळलेली पाने, पुड्यांची रिकामी पाकिटे, एक रुपयाचे एक नाणे आणि मधोमध पितळी तोंडांची एक गोल नळी. त्या तोंडांवर आमच्या घरच्या गिझरच्या कॉइलवर चढतो तसाच पांढरा थर चढलेला होता. सोलापुरात बोअरच्या पाण्यात क्षार इतके असतात की, त्या पाण्याने धुतलेले तांब्याभांडे वाळल्यावर त्यावर रांगोळी उमटते. तेव्हा कारंज्याची बारीक भोके बुजली नसती तरच नवल होते. मी मात्र त्या दिवशी निश्चिंतपणे उभा राहिलो. कोरडे कुंड पाहण्याची आम्हाला सवय आहे.

खरा त्रास दुसऱ्या खेपेला झाला, कारण त्या दिवशी ते चालू होते.

सोलापूरच्या माणसाला उडते पाणी नुसते पाहता येत नाही, हे बाहेरगावच्या वाचकांना समजावून सांगणे अवघड आहे. आमच्या नळाला रोज पाणी येत नाही. ते चार-पाच दिवसांआड 'सुटते', आणि सुटते तेही चावीवाल्याच्या सवडीने, पहाटे तीनला सुटले तर पहाटे तीनला सगळी गल्ली जागी होते, दिवे लागतात, पाणी ओढायच्या मोटारी सुरू होतात आणि एरवी एकमेकांशी न बोलणारे शेजारीसुद्धा "तुमच्याकडं आलं का?" असे विचारतात. साऱ्या शहराचे डोळे भीमेवरच्या उजनी धरणाकडे लागलेले असतात. हे धरण ११७ टीएमसीचे, म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचे आहे, पण त्यातला तळचा निम्म्याहून अधिक साठा 'मृत', म्हणजे एरवी न वापरायचा, म्हणून धरला जातो; त्यामुळे उन्हाळ्यात पाणी त्या रेघेच्या खाली गेले की वर्तमानपत्रांत धरणाची टक्केवारी 'उणे' छापून येते. इतर ठिकाणी शून्याखाली तापमान जाते, आमच्याकडे धरण जाते. मे महिन्यात चहाच्या टपरीवर "उजनी मायनस किती?" हा प्रश्न आजाऱ्याचा ताप विचारावा तशा आवाजात विचारला जातो. अशा गावातल्या माणसासमोर भर दुपारी, बेचाळीस अंश उन्हात, बारा धारा दहा-दहा फूट वर उडवून तेच पाणी पुन्हा खाली पाडले, तर त्याच्या मनात सौंदर्यभावना जागी होईल ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच्या मनात हिशेब जागा होतो.

माझ्याही झाला. फलकावर पावले मोजण्यास मनाई नसल्याने मी कुंडाला एक फेरी घातली. लांबी वीस फूट, रुंदी चौदा, खोली अंदाजे दीड. म्हणजे चारशे वीस घनफूट. एका घनफुटात अठ्ठावीस लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते, हे गणिताच्या गुरुजींनी छडीच्या साहाय्याने शिकवलेले अजून विसरलेलो नाही. एकूण बारा हजार लिटरांना शे-सव्वाशे कमी. पंधरा लिटरांची घागर धरली तर आठशे घागरी. आमच्या घरी पाणी सुटते तेव्हा दोनशेची दोन पिंपे, कळश्या, बादल्या, कुकर आणि अगदीच नाइलाज झाला तर देवघरातली गंगाजळी असे सगळे भरून पाचशे लिटरांची बेगमी होते. त्या मापाने हे कारंजे म्हणजे आमची चोवीस पाळ्यांची बेगमी, म्हणजेच चार महिने. चार महिन्यांचे आमचे आंघोळ-स्वयंपाक-धुणे माझ्या डोळ्यांदेखत हवेत उडत होते आणि शेजारी एक तरुण त्याच्यासमोर मान तिरकी करून स्वतःचे फोटो काढत होता.

"तेच तेच पाणी फिरतंय ओ काका," मागून आवाज आला. निळ्या गणवेशातला रखवालदार होता. माझे ओठ हलताना पाहून मी कशाचा हिशेब करतो आहे हे त्याला बहुधा कळले असावे. अशी माणसे त्याला रोज भेटत असणार. "खाली पंप हाय. वर गेलं, खाली आलं, परत वर."

हे मला माहीत नव्हते असे नाही. कारंज्यात पाणी फिरते, खर्च होत नाही, हे तत्त्वतः खरे आहे; परंतु सोलापूरच्या मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाकाठी बोटभर पाणी सहज उडून जाते आणि एवढ्या मोठ्या कुंडावर त्या बोटभराचेच अडीचशे लिटर होतात. धारांच्या तुषारांतून वाऱ्यावर जाते ते निराळे. हे सगळे मी रखवालदाराला ऐकवले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "बरोबर हाय. पण कट्ट्यावरचा पाय काढा."

खरे तर पाणी पाहून मन निवावे असे आमच्या बाजूला काही नाही असे नव्हे. आमचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांनी खणवलेला म्हणून सांगितला जाणारा तलाव गावाच्या मध्यातच आहे. त्याच्या काठी सायंकाळी कोणीही येऊन बसते आणि त्याला कोणी उठवत नाही. आणि खेळवलेले पाणीच पाहायचे तर पाऊणएक तासाच्या वाटेवर नळदुर्ग आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदी अडवून किल्ल्यात जो बांध घातला, त्याच्या पोटात पाणी महाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते आणि महालात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा असूनही त्याचे धोतर कोरडे राहते. तिथे पंप नाही. पाण्याला जिकडे जायचे असते तिकडे ते जाते आणि बांधणाऱ्याने त्याच्या वाटेत फक्त एक देखणी खिडकी ठेवली आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेऊन आम्ही दरवर्षी तिथे जातो, आणि तिथे मी कधीही घागरी मोजलेल्या नाहीत. जे पाणी नदीचे आहे त्याचा हिशेब मनात येत नाही. जे टँकरने आणलेले असू शकते, त्याचाच येतो.

तिसऱ्या खेपेला मात्र साहेब जागेवर होते, मनःस्थिती बरी होती आणि त्यांनी चक्क सही केली. शाईच्या पेनाने, लांबलचक, शेवटी दोन टिंबे देऊन. बाईंनी कागद माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, "याची झेरॉक्स काढून आणा, मग दोन्ही इथं जमा करा." झेरॉक्सचे दुकान रस्त्यापलीकडे होते आणि तिकडे जाण्याची वाट प्रांगणातून, म्हणजे कारंज्याला वळसा घालून, जात होती.

आता त्या कारंज्याविषयी एक तांत्रिक बाब सांगणे भाग आहे. धार जितकी उंच उडते, निदान तितके तरी कुंड तिच्या चहूबाजूंना पसरलेले असावे, असा कारंजे बांधणाऱ्यांचा साधा ठोकताळा असतो; नाहीतर वाऱ्याने पाणी बाहेर पडते. इथे धार दहा फुटांची होती आणि तिच्या दोन्ही अंगांना कुंड होते सात-सात फूट. उरलेल्या तीन फुटांत नागरिकांची वाट होती. त्यात बारा तोंडांपैकी काही क्षारांनी अर्धवट बुजलेली असल्याने तिथले पाणी सरळ न जाता वाट फुटेल तिकडे जाई. रखवालदार दर सकाळी पोत्याचे दाभण घेऊन ती भोके कोरत असे, पण एक तोंड त्यालाही दाद देत नव्हते. त्याची धार इतरांहून वेगळी, पेन्सिलीएवढी बारीक, तिरपी आणि विलक्षण जोरकस होती. आणि तिचा रोख वाटेकडे होता.

मी फाईल छातीशी धरून निघालो, तेवढ्यात एक पांढरी मोटार फाटकातून आत शिरली. कोणी मोठे पाहुणे असावेत. रखवालदाराने धावत जाऊन भिंतीतली पेटी उघडली आणि इतका वेळ गुडघाभर उडणारे कारंजे एकदम पूर्ण उंचीला गेले. वारा नेमका पश्चिमेचा होता. क्षणभर माझ्यावर नुसते तुषार आले आणि खरे सांगायचे तर बरे वाटले. बेचाळीस अंशांत कोणालाही वाटेल. मग ती बारीक धार आली. ती आधी माझ्या चष्म्यावर आली, तिथून कानात गेली आणि शेवटी, जणू तिला कामच ते नेमून दिलेले असावे तशी, फाईलच्या उघड्या बाजूने आत शिरली.

चादरीइतकाच टॉवेलसाठीही जे गाव प्रसिद्ध आहे, जिथल्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि जिथल्या कुठल्याही पाहुण्याला निरोप देताना हातात टॉवेल दिला जातो, त्या गावात, भर बाजारपेठेत, मी नखशिखान्त भिजून उभा होतो आणि माझ्याजवळ खिशातला रुमालही नव्हता.

कागद बाहेर काढला. मजकूर छापील असल्याने शाबूत होता. सहीची मात्र निळी नदी झाली होती, आणि शेवटची दोन टिंबे फुगून तिच्यातली दोन बेटे. मी कुंडाच्या ग्रॅनाइटच्या कट्ट्याला हात लावून पाहिला. तव्यासारखा तापला होता. एवढ्या दिवसांत त्या कट्ट्याचा मला पहिल्यांदाच उपयोग दिसला. कागद त्यावर पसरताच रखवालदाराची शिट्टी वाजली.

"काय करायलाव ओ काका? तिथं वाळत घालायचं नाही."

मी काही बोललो नाही, नुसता कागद दाखवला. त्याने सहीकडे पाहिले, त्या तिरप्या धारेकडे पाहिले आणि दाभणाला दाद न देणाऱ्या त्या तोंडाला सोलापुरी भाषेत एक शिवी दिली. मग आपल्या खुर्चीखालचा स्टीलचा डबा आणून त्याने तो वाऱ्याने उडू पाहणाऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. प्रांगणात डबा उघड्यावर ठेवणे नियमात बसत होते की नाही, हे मी विचारले नाही.

इतक्यात खिशातला फोन वाजला. नशिबाने तो कोरडा होता. घरून पत्नी बोलत होती. "पाणी सुटलंय. आज पाळी नसताना सुटलंय. मोटार चालू होईना. तुम्ही कुठं आहात?"

"कारंज्यापाशी," मी म्हणालो. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग फोन बंद झाला.

"तुमच्याकडं चौथ्या दिवशी येतंय का पाचव्या?" रखवालदाराने विचारले.

"पाचव्या."

"आमच्याकडं बी पाचव्या. ते बी रात्री दोनला." तो कुंडाकडे पाहत म्हणाला, "ह्यात मात्र मंगळवारी टँकर आणून सोडला. बारा हजाराचा. भरून थोडं उरलं."

माझा हिशेब शे-सव्वाशे लिटरांच्या फरकाने बरोबर आला होता. एवढ्या सगळ्यात मला झालेला आनंद तेवढाच. "आठशे घागरी," मी म्हणालो.

"सातशे नव्वद," तो म्हणाला. त्यानेही मोजल्या होत्या.

पांढऱ्या मोटारीतले पाहुणे आत गेल्यावर त्याने पेटी उघडून पंप बंद केला. एक एक धार खाली बसत गेली. ती तिरपी धार मात्र सर्वांत शेवटी, दोनदा उसळून, मग विझली. कागद तोवर वाळून कुरडईसारखा कडक झाला होता. तो घेऊन मी खिडकीपाशी गेलो. बाईंनी तो उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाल्या, "ही साहेबांची सही नाही वाटत." मी म्हणालो, "साहेबांचीच आहे, फक्त कारंज्यातून आली आहे." त्यांनी कागद परत केला. नवा अर्ज, नवी सही. साहेब आता रजेवर, सोमवारी या.

सोमवारी निघताना मी फाईल दुधाच्या दोन धुतलेल्या पिशव्यांत घातली आणि खांद्यावर टॉवेल टाकला. फलकावर टॉवेलाविषयी काही लिहिलेले नाही, हे मी आदल्या खेपेलाच वाचून ठेवले होते.