पिल्लू खाजवतं आणि सगळं घर डॉक्टर होतं

मांजराचं पिल्लू घरात आलं की पहिले दोन-तीन दिवस सगळे नुसते त्याचे डोळे बघत बसतात. मग एका संध्याकाळी ते मागचा पाय मानेपर्यंत नेतं आणि असं काही तावातावाने खाजवतं की तोल जाऊन आडवं पडतं. पडल्या पडल्या दुसऱ्या पायाने खाजवतं. त्या क्षणी घरातल्या प्रत्येकाला आपण त्वचारोगतज्ज्ञ असल्याचा साक्षात्कार होतो. एक म्हणतो, कोंडा आहे, तेल चोळा. दुसरी म्हणते, शांपू लावा, माझाच लावा, सौम्य आहे. तिसऱ्याला कपाटातली अर्धी पिळलेली मलमाची ट्यूब आठवते, जी कोणाच्या कुठल्या खाजेसाठी आणली होती हे आता कोणालाच सांगता येत नाही. लावून बघायला काय हरकत आहे?

हरकत आहे. मांजराच्या अंगाला लावलेलं प्रत्येक औषध हे पोटात घ्यायचं औषध असतं. आपण हात पुसेपर्यंत त्याने ते चाटून संपवलेलं असतं. शिवाय ट्यूबमध्ये स्टेरॉइड असेल आणि पिल्लाला नायटा असेल, तर लाली दबते, घरचे डॉक्टर एकमेकांची पाठ थोपटतात आणि बुरशी निवांत पसरत राहते. टी ट्री ऑइलसारखी सुगंधी तेलं तर मांजरांना विषारीच. ‘नैसर्गिक आहे’ असं बाटलीवर लिहिलेलं असतं, पण ते पिल्लाच्या यकृताला वाचता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच की लावण्याआधी बघा. पिल्लाच्या कातडीला तक्रार करायच्या मोजक्याच तऱ्हा ठाऊक असतात: खाज, कोंडा, खपली, केस जाणं. कारणं मात्र डझनभर. सोफ्यावर बसून, चहाचा कप हातात धरून निदान होत नाही.

बघताना काही गोष्टी निमूट सोडून द्यायच्या असतात. डोळा आणि कान यांच्या मधल्या पट्टीत मांजरांचे केस मुळातच विरळ असतात. आखूड केसांच्या काळ्या पिल्लात ते टक्कल इतकं ठळक दिसतं की लोक रात्री अकराला डॉक्टरांना फोन लावतात. बाळपणीचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे यायला साधारण ४ ते ६ महिन्यांचं वय उजाडतं, तोवर पिल्लू जरा विसकटलेलं दिसणारच. काही पिल्लं जन्मतःच करडी-चंदेरी असतात. गाभण मांजरीला ताप आला किंवा फार ताण पडला की पिल्लांच्या केसांत रंग नीट उतरत नाही. याला फीव्हर कोट म्हणतात. हौसेने ‘रुपेरी’ नाव ठेवलेलं पिल्लू काही महिन्यांत ठार काळं निघतं. त्यावर औषध नाही. नाव बदला.

खाजवणाऱ्या पिल्लात पहिला संशय पिसवांवर घ्यायचा. ‘आमच्याकडे पिसवा नाहीत, आम्ही रोज लादी पुसतो’ हे वाक्य डॉक्टर रोज ऐकतात. पिसू लादी बघत नाही, रक्त बघते. आणि ती दिसली नाही म्हणजे नाही असंही नाही, कारण मांजर दिवसभर चाटून पुरावा गिळत असतं. मागे उरते ती तिची विष्ठा: शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर, केसांच्या बुडाशी काळे बारीक कण. हे कण फणीने पांढऱ्या टिश्यूवर झटका, वर पाण्याचे दोन-तीन थेंब टाका आणि अर्धा मिनिट थांबा. कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरला तर ते पचलेलं रक्त. कण काळाच राहिला तर माती. इतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही, तरी ती करण्यापेक्षा वाद घालणं लोकांना सोपं वाटतं.

पिसवांची फणी अगदी बारीक दातांची हवी. पिल्लाला टॉवेलात गुंडाळायचं, डोकं बाहेर ठेवायचं आणि अंगाचा एकेक भाग उघडून विंचरायचा: शेपटीचं मूळ, पाठ, पोट, मान, कानांमागे. शेजारी वाटीत साबणाचं पाणी. साबण विसरू नका. साध्या पाण्यात पिसू बुडत नाही, वर तरंगते आणि संधी मिळताच उडी मारून कामावर रुजू होते.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लाला मानेवर टाकायची बहुतेक औषधं चालत नाहीत. त्याला फणी आणि अंघोळ. कोमट पाणी, भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे दोन थेंब, आणि पहिला फेस मानेभोवती गोल कड्यासारखा. हे कडं आधी केलं नाही तर पाणी लागताच सगळ्या पिसवा डोक्याकडे धावतात आणि डोळ्यांभोवती सभा भरवतात, जिथे साबण नेता येत नाही. चेहरा ओल्या फडक्याने पुसायचा आणि विंचरायचा. पाच मिनिटांत सगळं आटपून लगेच कोरडं करायचं. चार आठवड्यांखालच्या पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही, त्यामुळे भिजलेलं ठेवलं तर पिसवांच्या आधी थंडीच त्याचा जीव घेईल. या अंघोळीने अंगावरच्या पिसवा जातात, उद्या येणाऱ्या थांबत नाहीत. म्हणून रोज फणी.

एवढा खटाटोप का, तर अर्धा किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त साधारण ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. शे-दोनशे पिसवा त्यावर पंगत मांडून बसल्या तर हिशेब लवकर संपतो. ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असल्या तर वेळ आहे. पांढुरक्या असतील आणि पिल्लू मलूल पडलं असेल, तर अंघोळीबिंघोळीत वेळ न घालवता तडक डॉक्टरांकडे. अशा पिल्लाला कधीकधी रक्त चढवावं लागतं.

आता ती चूक, जिच्यावर विनोद सुचत नाही. कुत्र्यासाठीच्या पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते सोसतं, पण मांजराच्या यकृताला त्याचा निचरा करता येत नाही. ‘कुत्र्याचंच आहे, अर्धं टाकू’ असा हिशेब करणाऱ्याच्या घरी काही तासांत पिल्लाला थरथर सुटते, मग झटके. टाकलंच असेल तर कोमट पाण्यात साबणाने धुवा आणि औषधाच्या खोक्यासकट लगेच निघा. घरातल्या कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर ते वाळेपर्यंत मांजर त्याला बिलगणार नाही हेही बघा.

मांजराचं औषध मिळालं तरी ते वजनावर बेतायचं असतं, आणि वजन डोळ्यांनी करायचं नसतं. फुललेलं पिल्लू डोळ्यांना दुप्पट दिसतं. काट्यावर भांडं ठेवा, शून्य करा, पिल्लू आत ठेवा आणि ते उडी मारायच्या आत आकडा वाचा. सुरुवातीच्या महिन्यांत वयाच्या प्रत्येक महिन्याला अंदाजे ४५० ग्रॅम हे ढोबळ माप. त्याहून बरंच कमी भरलं तर नुसत्या कातडीचं प्रकरण नाही. औषध टाकायची जागा मानेवर, कवटीच्या लगेच खाली, जिथे जीभ पोचत नाही. केस दोन बाजूंना सारून गुलाबी कातडी दिसू द्या आणि थेंब तिथे टेकवा. पुष्कळ लोक केसांवरच ओततात. मग केसांना पिसवा होत नाहीत, पिल्लाला होतात.

आणि घर? अंगावर सापडतात त्या पिसवा म्हणजे एकूण फौजेतल्या जेमतेम पाच टक्के. बाकीच्या अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात अंथरुणात, गालिच्यात, फटींत. कोशातली पिसू महिनोन्‌महिने दम धरते आणि पावलांची थरथर व ऊब जाणवली की बाहेर येते. त्यामुळे अंथरुणं गरम पाण्यात धुणं, कोपऱ्याकोपऱ्यातून व्हॅक्यूम फिरवणं आणि घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकदम औषध, असं किमान तीन महिने. एका महिन्यात ‘औषध लागू पडत नाही’ म्हणणाऱ्यांचं बहुधा औषध चुकलेलं नसतं, कोश उरलेले असतात. पिसवा झालेल्या पिल्लाला पट्टकृमीचं औषधही विचारून घ्या. पिसू गिळली की तो जंत फुकट मिळतो.

कान खाजवत असेल, डोकं झटकत असेल आणि कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ असेल, तर कानातले माइट्स, म्हणजे अगदी बारीक किडे. कापसाची काडी घालू नका. मळ आत ढकलला जातो आणि पिल्लाने नेमकी त्याच क्षणी मान फिरवली तर पडदा फाटतो. माइट्सचं चक्र सुमारे तीन आठवड्यांचं, म्हणून कान चार दिवसांत स्वच्छ दिसला तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे. कानाच्या कडांपासून तोंडावर जाड खपल्या आणि रक्त निघेस्तोवर खाज, ही खरूज. केसांना चिकटलेल्या, झटकून न पडणाऱ्या पांढऱ्या लिखा म्हणजे उवा. त्या माणसांवर राहत नाहीत, तेव्हा सगळ्या घराने डोकी धुवायला पळू नये. कोंडा भिंगातून चालताना दिसला तर तोही माइट्सचाच प्रताप.

नायटा मात्र बिलंदर. फारसा खाजत नाही, पिल्लू मजेत खेळत असतं, आणि कानावर, नाकापाशी किंवा पुढच्या पंजावर केस तुटून गोल चट्टा पडतो, वर राखाडी कोंडा. ही बुरशी, मांजरांत बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस, माणसांनाही लागते. हल्ली लोक निळ्या-जांभळ्या प्रकाशाची टॉर्च विकत घेतात आणि रात्री दिवे घालवून पिल्लू तपासतात. त्यात सगळंच चमकतं: धागे, मलम, साबणाचे डाग. खरी खूण म्हणजे केसाची काडीच सफरचंदी हिरवी उजळणं, आणि सगळ्या नायट्यांत तीही दिसत नाही. म्हणून डॉक्टर नव्या टूथब्रशने केस विंचरून कल्चरला, म्हणजे बुरशी वाढवून बघायला, पाठवतात. निकालाला दोन-तीन आठवडे लागू शकतात. उपचार पोटातून गोळी किंवा औषधाचं पाणी, आणि बाहेरून आठवड्यातून दोनदा औषधी द्रावण. लाइम सल्फरचं द्रावण असेल तर ते धुऊन टाकायचं नसतं, अंगावरच वाळू द्यायचं असतं, आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. त्या काळात पाहुणे कमी येतात, हा फायदा.

नायट्याच्या पिल्लाला सहज पुसता येईल अशा खोलीत वेगळं ठेवायचं. खोलीतले केस रोज गोळा करायचे, मग साबणाने पुसायचं, मग पातळ केलेलं ब्लीच; धुळीवर ओतलेलं ब्लीच फक्त धूळ ओली करतं. ब्लीच फरशीसाठी, पिल्लासाठी नाही. पाण्यात ओतलं की दुधाळ होणारी फिनॉलची जंतुनाशकं मांजराच्या घरात नकोतच. पण वेगळं ठेवायचं म्हणजे वाळीत टाकायचं नाही. दोन ते सात आठवडे हे माणसांशी सलगी शिकण्याचं वय. जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवा, आत जा, खेळा, बाहेर येऊन शर्ट धुवायला टाका आणि हात धुवा.

दवाखान्यात कधी जायचं, यावर घरात मतदान घेऊ नये. पांढऱ्या हिरड्या, झटके, जखमेत अळ्या, पू भरलेली गरम सूज, धाप, किंवा बारा तास काहीच न खाणं: त्याच दिवशी, त्याच तासाला. गोल चट्टा, कानात काळा मळ, रक्त निघेस्तोवर खाज, एकाच वेतातल्या दोघा-तिघांना तेच: एक-दोन दिवसांत. नुसता थोडा कोंडा, पण खाणंपिणं आणि दंगा जोरात: वजन लिहून ठेवून आठवडाभर बघा. निस्तेज केस, फुगलेलं पोट आणि पातळ शी असेल तर कारण बहुधा कातडीत नसून जंतांत किंवा खाण्यात आहे. गाईच्या दुधाने पोट बिघडलेली पिल्लं पुष्कळ.

निघण्याआधी पिल्लाला अंघोळ घालून नटवू नका आणि काही चोपडूही नका. कातडी खरवडून भिंगाखाली बघायची असते, तिथे तेल दिसून काय उपयोग. आतापर्यंत जे जे लावलं त्याचे डबे सोबत घ्या, लाज वाटणारे आधी. खाजवतानाचा व्हिडिओ काढून ठेवा. तपासणीच्या टेबलावर पिल्लू एकदाही खाजवत नाही. ते शहाण्यासारखं बसून आपल्याकडे असं बघतं की फी खोटं बोलण्याची द्यावी लागतेय असं वाटावं. आपल्याच हातावर गोल लाल चट्टा उठला असेल तर तोही दाखवा. औषध तिथे मिळणार नाही, पण निदानाला मदत होईल. औषधासाठी माणसांच्या डॉक्टरांकडे जा आणि घरी मांजराचं पिल्लू आहे हे त्यांनी विचारायच्या आत सांगून टाका.